सांध्यात वाढणारे हाड : कारणे, लक्षणे व व्यवस्थापन

पेरणीपूर्वी आपण अवजारांची पाहणी करतो. पाभर नीट करतो, ट्रॅक्टरचे तेल बदलतो, बैलांना नाल ठोकून घेतो. परंतु ज्या गुडघ्यांवर, कमरेवर आणि टाचांवर सर्व हंगाम उभा असतो, त्यांच्याकडे मात्र ते पार थकल्यावरच लक्ष जाते. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढ स्त्री-पुरुषांची पाहणी करण्यात आली. त्यात सुमारे १८ टक्के लोकांना हाडे, सांधे व स्नायूंच्या दुखण्याचा त्रास असल्याचे आढळले. खेड्यातील माणूस कष्टाळू असतो म्हणून त्याचे सांधे दुखत नाहीत, हा समज या पाहणीने दूर केला.

गुडघा दुखतो म्हणून क्ष-किरण चित्र काढले की बऱ्याच वेळा "हाड वाढले आहे" किंवा "हाडाला काटा आला आहे" असे सांगितले जाते. हे ऐकून रुग्ण घाबरतो. आत सुईसारखे टोक वाढत असून ते मांसात रुतते आहे, असे चित्र त्याच्या मनात उभे राहते. मग कोणी चालणे बंद करतो, कोणी दूध सोडतो, कोणी हाड विरघळवणाऱ्या औषधाच्या शोधात फिरतो. या तिन्ही गोष्टींनी नुकसानच होते. म्हणून ही वाढ म्हणजे नेमके काय, ती का होते आणि ती असतानाही शेतीकाम कसे चालू ठेवता येते, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

सांध्याची रचना

दोन हाडे जेथे एकत्र येतात तेथे सांधा तयार होतो. गुडघ्यात मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि पुढची वाटी अशी तीन हाडे येतात. ही हाडे एकमेकांवर थेट घासत नाहीत. त्यांच्या टोकांवर काही मिलिमीटर जाडीचे गुळगुळीत, पांढरे आवरण असते. त्यास कूर्चा म्हणतात. सांध्याभोवती पिशवीसारखे वेष्टन असून त्याच्या आतील अस्तरातून चिकट द्रव पाझरतो. हा द्रव वंगणाचे काम करतो. बाहेरून अस्थिबंध आणि स्नायू सांध्याला आवळून धरतात.

कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार आला की ती स्पंजप्रमाणे दाबली जाते आणि भार निघाला की द्रव शोषून घेते. तिचे पोषण या दाबण्या-सोडण्यातूनच होते. त्यामुळे सांधा अजिबात न हलविणे आणि एकाच स्थितीत तासन्‌तास दाबून ठेवणे, या दोन्ही गोष्टी कूर्चेला मानवत नाहीत. पुढील सर्व उपाय या एका तत्त्वावर आधारलेले आहेत.

हाड का वाढते ?

वाढते वय, जुनी इजा, जास्त वजन, आनुवंशिकता किंवा वर्षानुवर्षे पडलेला ताण यामुळे कूर्चा खडबडीत होऊन झिजू लागते. तिच्याखालील हाडावर भार वाढतो आणि सांधा थोडा सैल पडतो. शरीर याकडे दुर्लक्ष करीत नाही. सांध्याच्या कडेला, जेथे कूर्चा, हाड व अस्तर एकत्र येतात, तेथील पेशी वाढू लागतात. त्यांची प्रथम कूर्चा बनते आणि पुढे त्या कूर्चेचे हाड होते. ही कडेची वाढ म्हणजेच "हाडाचा काटा". वैद्यकशास्त्रात तिला ऑस्टिओफाइट म्हणतात आणि सांध्याच्या या झिजेला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात.

ओढ्याचे पाणी बांध कापू लागले की आपण बांधाच्या पायथ्याला भर घालून तो रुंद करतो. शरीरही असेच करते. सांध्याची कडा रुंद झाली की भार अधिक जागेवर विभागला जातो आणि सैल पडलेला सांधा काहीसा आवळला जातो. जुवाने घासून बैलाच्या मानेवर घट्टा पडतो. तो घट्टा ही घासण्याची खूण असते. हाडाची वाढ ही तशीच खूण आहे. फक्त ती कधी कधी गरजेपेक्षा जास्त होते. मग सांधा पूर्ण वाकत नाही, पूर्ण सरळही होत नाही. मणक्यात अशी वाढ झाल्यास शेजारून जाणारी नस दाबली जाऊ शकते.

ही वाढ सुईसारखी टोकदार नसते. क्ष-किरण चित्र सपाट असल्यामुळे त्यात कडेवरची वाढ काट्यासारखी दिसते. प्रत्यक्षात ती ओठासारखी गोलसर असून बहुधा कूर्चेने झाकलेली असते.

वाढलेले हाड आणि वेदना

जेवढी वाढ मोठी तेवढे दुखणे जास्त, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे पन्नाशी ओलांडलेल्या ७१० व्यक्तींची पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. या सर्वांच्या गुडघ्याच्या क्ष-किरण चित्रात झीज दिसत नव्हती. तरीही एमआरआय तपासणीत सुमारे तीन-चतुर्थांश जणांच्या गुडघ्यात हाडाची लहानमोठी वाढ आढळली. त्यांपैकी अनेकांना कसलेही दुखणे नव्हते.

वेदना प्रामुख्याने सांध्याच्या अस्तराला आलेली सूज, कूर्चेखालील हाडावरचा ताण आणि थकलेले स्नायू यांतून येते. कूर्चेला वेदना जाणवणाऱ्या नसाच नसतात. यातून शेतकऱ्याला दिलासा देणारा निष्कर्ष निघतो. वाढलेले हाड तसेच राहिले तरी सूज ओसरवून, ताण कमी करून आणि स्नायू बळकट करून दुखणे बरेच कमी करता येते.

शेतकऱ्यांना हा त्रास अधिक का ?

ब्रिटनमध्ये १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दीर्घकाळ शेती केलेल्या पुरुषांना खुब्याच्या सांध्याच्या झिजेचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पटीने जास्त असल्याचे दिसून आले. आपल्याकडे मात्र खुब्यापेक्षा गुडघ्याची झीज अधिक आढळते. चीनमधील बीजिंग येथे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, तरुणपणी दिवसातील बराच वेळ उकिडवे बसणाऱ्यांना म्हातारपणी गुडघ्याची झीज जास्त झालेली आढळली. हे आपल्याला विचार करायला लावणारे आहे, कारण आपले बहुतेक शेतीकाम उकिडवे बसून किंवा वाकूनच होते.

गुडघ्यावर विशेष ताण आणणारी कामे पुढीलप्रमाणे आहेत.

१) खुरपणी, कांद्याची लागवड, भुईमूग काढणी, हरभऱ्याची सोंगणी ही उकिडवे बसून पुढे सरकत करावयाची कामे.
२) भाताची लावणी. यात कंबर वाकलेली असते आणि चिखलात रुतलेला पाय उपसताना गुडघा पिळला जातो.
३) उसाच्या मोळ्या, खताची पोती, पाण्याचे हंडे उचलून चढ चढणे.
४) धार काढणे, शेण काढणे, गोवऱ्या थापणे, चुलीपुढे बसून स्वयंपाक करणे.
५) ट्रॅक्टरवरून रोज अनेकदा उडी मारून उतरणे.

या यादीतील पहिल्या व चौथ्या क्रमांकाची कामे मुख्यतः स्त्रिया करतात. पन्नाशीनंतर स्त्रियांमध्ये गुडघ्याची झीज पुरुषांपेक्षा जास्त आढळते. असे असूनही घरातील बाईचे गुडघे दुखणे हे वयाचे म्हणून सोडून दिले जाते आणि तपासणीला पुरुषच आधी जातो. कुटुंबप्रमुखांनी याची नोंद घ्यावी.

लक्षणे

गुडघ्याच्या झिजेत पुढील लक्षणे हळूहळू, काही वर्षांत दिसू लागतात.

१) काम केल्यावर दुखणे वाढते व विश्रांतीने कमी होते.
२) सकाळी उठल्यावर किंवा बराच वेळ बसून उठताना सांधा आखडलेला वाटतो. चार पावले टाकल्यावर, बहुधा अर्ध्या तासाच्या आत, तो मोकळा होतो.
३) हालचाल करताना करकर आवाज येतो. वेदना नसल्यास अशा आवाजाची काळजी करू नये.
४) पायऱ्या उतरताना व उकिडवे बसून उठताना अधिक त्रास होतो.
५) सांध्याची कडा हाताला टणक व रुंद लागते. पुढे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकतात.

बोटांच्या टोकाजवळील सांध्यांवर वाटाण्याएवढ्या टणक गाठी येतात, त्याही अशाच हाडाच्या वाढीमुळे येतात.

टाचेचे हाड : सकाळी जमिनीवर पहिले पाऊल टाकताच टाचेत कळ येते व थोडे चालल्यावर ती कमी होते. क्ष-किरण चित्रात टाचेच्या हाडाला काटा दिसतो. परंतु खरे दुखणे त्या काट्याचे नसून तळव्याच्या जाड पट्ट्याचे असते. काटा असलेल्या कित्येकांना काहीही त्रास नसतो. मऊ व जाड तळाची चप्पल घालावी, कठीण जमिनीवर अनवाणी चालू नये. अंथरुणातून उठण्यापूर्वी पायाची बोटे हाताने आपल्याकडे ओढून तळवा व पोटरी ताणावी. बहुतेकांचे दुखणे काही महिने ते वर्षभरात बरे होते.

दवाखान्यात त्वरित केव्हा जावे ?

प्रत्येक सांधेदुखी ही झीज नसते. पुढीलपैकी काही आढळल्यास घरगुती उपचारात वेळ घालवू नये.

१) सांधा एकाएकी लाल, गरम होऊन सुजणे व सोबत ताप येणे. सांध्यात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.
२) सकाळचा आखडलेपणा एक तासाहून अधिक टिकणे, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजणे. हा आमवात असू शकतो. त्याचे औषध वेगळे असून ते लवकर सुरू करणे महत्त्वाचे असते.
३) पायाच्या अंगठ्याचा सांधा रात्रीतून सुजून हात लावू न देणे. यात रक्तातील युरिक आम्ल तपासावे लागते.
४) गुडघा मध्येच अडकणे किंवा एकदम दगा देणे.
५) रात्री झोपेतून उठवणाऱ्या वेदना, कारणाशिवाय वजन घटणे.
६) मान किंवा कमरेच्या दुखण्यासोबत हाता-पायांत बधिरपणा, ताकद कमी होणे, लघवी-शौचावरील ताबा जाणे. नस दबल्याची ही खूण असून यात उशीर करू नये.

गुडघ्याचे क्ष-किरण चित्र उभे राहून काढलेले असावे. झोपून काढलेल्या चित्रात हाडांमधील अंतर खरे कळत नाही. केलग्रेन व लॉरेन्स या दोन शास्त्रज्ञांनी १९५७ साली सुचविलेल्या पद्धतीने झिजेची ० ते ४ अशी प्रतवारी करतात. हा आकडा पाहून घाबरू नये व निर्धास्तही होऊ नये. आपल्याला किती चालता येते, कोणते काम जमत नाही, यावरून उपचार ठरतात.

पिण्याच्या पाण्याकडेही पाहावे

एकाच वस्तीतील अनेक लोकांना, त्यातही तरुणांना, मान-पाठ आखडणे व सांधे दुखणे असा त्रास असेल आणि मुलांच्या दातांवर पिवळसर-तपकिरी डाग असतील, तर कूपनलिकेच्या पाण्यातील फ्लोराइड तपासून घ्यावे. जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पिण्यात आल्यास हाडांवर वाढ होते व अस्थिबंध हाडासारखे कडक होतात. आपल्या राज्यात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड आदी जिल्ह्यांतील काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आढळले आहे. भारतीय मानकानुसार ते एक लिटर पाण्यात १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. शक्यतो उथळ विहिरीचे तपासलेले किंवा साठविलेले पावसाचे पाणी प्यावे. तुरटी व चुना वापरून फ्लोराइड कमी करण्याची नळगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या संस्थेने विकसित केली आहे. ही पद्धत तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच वापरावी. अशा पाण्याचा त्रास जनावरांनाही होतो.

व्यवस्थापन

१) कामाच्या पद्धतीत बदल

काम सोडण्याची गरज नाही, पद्धत बदलावी. मूळ नियम असा की, गुडघा काटकोनापेक्षा जास्त वाकलेल्या स्थितीत सलग वीस-पंचवीस मिनिटांहून अधिक काळ राहू नये. एक ओळ संपली की उभे राहावे, दोन मिनिटे चालावे, पाय सरळ ताणावेत.

अ) जेथे पिकाच्या ओळीतील अंतर परवानगी देते तेथे खुरप्याऐवजी लांब दांड्याचे हातकोळपे किंवा चाकाचे कोळपे वापरावे. उभ्याने काम होते व वेळही वाचतो. भातात ओळीत लावणी केल्यास कोनोवीडर चालविता येतो. खुरपे फक्त रोपालगतच्या तणासाठी ठेवावे.
ब) धार काढणे, कांद्याची पात कापणे, शेंगा तोडणे, भाजी निवडणे ही कामे एक-सव्वा फूट उंचीच्या स्टुलावर बसून करावीत. जमिनीवर मांडी घालण्यापेक्षा पाट बरा व पाटापेक्षा स्टूल बरे.
क) गुडघे टेकून काम करावयाचे असल्यास खाली पोत्याची जाड घडी घ्यावी.
ड) ओझे विभागावे. एका मोठ्या पाटीऐवजी दोन लहान खेपा कराव्यात. पोते उचलताना दुसऱ्याची मदत घ्यावी. वजन उचललेले असताना पायावर पिळा देऊन वळू नये.
इ) ट्रॅक्टरवरून पायरीने, तोंड ट्रॅक्टरकडे ठेवून उतरावे.
ई) दिवसभर एकच काम न करता कामांची अदलाबदल करावी. सकाळी खुरपणी केल्यास दुपारी उभ्याचे काम घ्यावे.
उ) घरात शौचासाठी कमोड किंवा कमोडची खुर्ची, तसेच उभ्याचा ओटा करावा. दुखऱ्या गुडघ्यासाठी रोजच्या औषधापेक्षा हा खर्च अधिक उपयोगी पडतो.

२) व्यायाम

शेतात एवढे राबतो, मग आणखी व्यायाम कशाला, असे अनेकांना वाटते. कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे. कष्टात सांधा झिजतो पण मांडीचा पुढचा स्नायू पुरेसा बळकट होतोच असे नाही. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाचा हा स्नायू वापराअभावी बारीक होतो. तो बळकट असल्यास पाऊल टेकताना बसणारा धक्का तो झेलतो.

अ) पाय लांब करून बसावे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी. गुंडाळी खाली दाबून मांडी आवळावी. दहा अंक मोजून सोडावे.
ब) उताणे झोपून एक पाय गुडघ्यात वाकवावा, दुसरा सरळ ठेवून वीतभर-हातभर उचलावा. पाच ते दहा अंक मोजून सावकाश खाली आणावा.
क) खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ करावा, दहा अंक धरून खाली न्यावा.
ड) उंच खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठावे व सावकाश बसावे. जमत नसल्यास प्रारंभी आधार घ्यावा.

प्रत्येक प्रकार दहा वेळा, दिवसातून दोनदा करावा. व्यायामानंतर थोडे दुखणे स्वाभाविक आहे. ते दुसऱ्या दिवसापर्यंत पूर्ववत झाले तर मात्रा योग्य समजावी. वाढलेलेच राहिले तर संख्या निम्मी करावी, मात्र व्यायाम बंद करू नये. सूज असताना चौथा प्रकार टाळावा.

स्नायूंची ताकद वाढण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणून खरिपाच्या खुरपणीला गुडघे तयार हवे असतील तर व्यायामाला गुढीपाडव्याच्या सुमारास आरंभ करावा. जून उजाडल्यावर सुरू केलेल्या व्यायामाचा उपयोग त्या हंगामात थोडाच होतो.

३) वजन

चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या काही पट भार येतो. गुडघ्याची झीज असलेल्या, जास्त वजनाच्या व्यक्तींवरील २००५ सालच्या अभ्यासात, एक किलो वजन घटल्यास प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोने कमी होतो असे दिसले. म्हणजे पाच किलो वजन उतरले की प्रत्येक पावलाला वीस किलोचे ओझे उतरते. शेतावर हजारो पावले पडतात हे लक्षात घ्यावे. चहातील साखर, तळलेले पदार्थ व रात्रीचा भात कमी करावा. डाळी, कडधान्ये, पालेभाज्या व ताक वाढवावे. मुळातच काटक असलेल्यांनी वजन कमी करू नये, त्यांनी प्रथिनांकडे लक्ष द्यावे.

४) शेक व आधार

जुनाट दुखण्याला व आखडलेपणाला गरम पाण्याच्या पिशवीचा पंधरा-वीस मिनिटे शेक द्यावा. सांधा सुजून गरम झाला असेल तर कापडात गुंडाळलेल्या बर्फाने शेकावे. काठी वापरण्यात कमीपणा मानू नये. ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. उजवा गुडघा दुखत असल्यास काठी डाव्या हातात असावी. गुडघ्याचा पट्टा कामापुरता वापरावा, दिवसरात्र बांधून ठेवू नये.

५) औषधे

प्रथम लावण्याचे वेदनाशामक मलम वापरून पाहावे. त्याचा पोटावर व मूत्रपिंडावर परिणाम कमी होतो. पोटात घेण्याच्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, कमीत कमी मात्रेत व थोडे दिवस घ्याव्यात. या गोळ्यांनी जठरात व्रण होऊ शकतो, रक्तदाब वाढतो व मूत्रपिंडाला इजा पोहोचू शकते. भर उन्हात घाम गाळून, पुरेसे पाणी न पिता अशी गोळी घेऊन काम रेटणे विशेष धोक्याचे आहे. शरीरातील पाणी कमी झालेले असताना मूत्रपिंडावर या गोळ्यांचा घाव अधिक बसतो. मधुमेह, रक्तदाब व मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांनी त्या विचारल्याशिवाय घेऊच नयेत. जनावरांसाठी आणलेली औषधे स्वतःला कदापि वापरू नयेत.

या गोष्टी टाळाव्यात

१) बिननावाच्या पुड्या व गोळ्या : दोन दिवसांत गुडघे मोकळे करणाऱ्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेले असण्याची शक्यता असते. चेहरा सुजणे, साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे हे त्याचे दीर्घकालीन परिणाम आहेत. अशी पुडी अनेक महिने घेतली असल्यास ती एकदम बंद करणेही धोक्याचे असते. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे.

२) वारंवार सांध्यात इंजेक्शन : फार सूज असताना तज्ज्ञाने दिलेले एखादे इंजेक्शन काही आठवडे आराम देते. परंतु २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, दोन वर्षे दर तीन महिन्यांनी स्टेरॉइड दिलेल्या रुग्णांची कूर्चा अधिक घटली व वेदनेत जास्तीचा फायदा मात्र दिसला नाही.

३) हाड तासून घेणे : दुर्बिणीने सांधा धुऊन आतील खडबडीत भाग साफ करण्याच्या शस्त्रक्रियेची २००२ साली अमेरिकेत १८० रुग्णांवर चाचणी झाली. काहींना खरी शस्त्रक्रिया केली, काहींना केवळ कातडीला छेद दिला. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांच्या दुखण्यात फरक आढळला नाही. मूळ झीज कायम असल्यास कडेची वाढ काढून काय साधणार ? सांधा अडकविणारा सुटा तुकडा असेल किंवा नस दबली असेल तर गोष्ट वेगळी.

४) दूध बंद करणे : कॅल्शियम खाल्ल्याने सांध्यात हाड वाढत नाही. ही वाढ झिजेमुळे होते. दूध, नाचणी, तीळ बंद केल्याने काटा कमी होत नाही, उलट बाकीची हाडे मात्र कमकुवत होतात.

५) हाड विरघळविणारी औषधे : तयार झालेले हाड विरघळवून टाकणारे कोणतेही तेल, काढा अथवा गोळी नाही. मालिशने स्नायू सैल होऊन बरे वाटते, तेवढाच तिचा उपयोग समजावा. कूर्चा वाढविणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या गोळ्यांचाही खात्रीलायक फायदा चाचण्यांत दिसून आलेला नाही.

शस्त्रक्रिया केव्हा ?

तीन-सहा महिने वरील उपाय नेटाने करूनही रात्रीची झोप लागत नसेल, घरातल्या घरात चालणे अवघड होत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञाशी सांधा बदलण्याविषयी बोलावे. केवळ चित्रात झीज जास्त दिसते म्हणून शस्त्रक्रिया करून घेऊ नये. बदललेले गुडघे चांगले टिकतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार शंभरांपैकी सुमारे ८२ गुडघे पंचवीस वर्षे चालतात. तथापि त्यानंतर उकिडवे बसणे, मांडी घालणे व जड ओझे वाहणे टाळावे लागते. तेव्हा शेतीकामाची वाटणी कशी करावयाची, हे कुटुंबाने आधीच ठरवावे.

कृत्रिम गुडघ्याच्या कमाल किमती केंद्र शासनाने ऑगस्ट २०१७ मध्ये ठरवून दिल्या. त्यामुळे रुग्णालयाकडून सांध्याच्या किमतीचे वेगळे बिल मागून घ्यावे. शासकीय आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो किंवा नाही, याची चौकशी योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राकडे आधी करावी. कर्ज काढण्यापूर्वी एवढी चौकशी अवश्य व्हावी.

सारांश

सांध्यात वाढलेले हाड हे मूळ दुखणे नसून कूर्चा झिजल्याची खूण आहे. ते विरघळत नाही आणि ते विरघळविण्याची सहसा गरजही नसते. उकिडव्या कामाला उभ्याची अवजारे व स्टुलाचा पर्याय द्यावा, मांडीचे स्नायू हंगामापूर्वी बळकट करावेत, जादा वजन उतरवावे, गोळ्या जपून घ्याव्यात आणि धोक्याची लक्षणे दिसताच दवाखाना गाठावा. या पाच गोष्टी पाळल्यास बहुतेक शेतकऱ्यांना आपल्याच पायांवर अनेक हंगाम शेत सांभाळता येते. आपल्या घरातील माता-भगिनींच्या गुडघ्यांचाही यात समावेश करावा. हातकोळपे विकत घ्यावयाचे की पुढील हंगामात पाहू, असा प्रश्न पडल्यास त्याची किंमत व एका महिन्याच्या गोळ्यांचा खर्च शेजारी लिहून पाहावा.